द्रावणांचें व्यस्त त्रैराशिक

नाशिक शहरांत अशोक स्तंभापासून गंगापूर रोड पश्चिमेकडे निघतो. आरंभीं दुतर्फा दुकानें, दवाखाने आणि वसाहती; मग मराठा विद्या प्रसारक समाजाचें महाविद्यालय; त्यापुढें सोमेश्वर; आणि त्याहूनहि पुढें, गंगापूर व गोवर्धन हीं गांवें मागें पडतां पडतां, गोदावरीवरील धरणाच्या आसमंतांत द्राक्षांचे मांडव दिसूं लागतात. १९९९ सालीं स्थापन झालेल्या सुला या कंपनीची वाइनरीहि याच टापूंत आहे. वरवर पाहतां या ठिकाणांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु या एकाच रस्त्यावर एकच गणित दिवसभरांत निदान चार ठिकाणीं मांडलें जात असतें. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत विद्यार्थी आम्लांत पाणी कीं पाण्यांत आम्ल याचा विचार करीत उभा असतो. वाइनरींत मोठ्या टाकीस गंधकाचा अंश किती द्यावा हें ठरवावयाचें असतें. वसाहतींतील गृहस्थाला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकींत ब्लीचिंग पावडर किती घालावी हा प्रश्न पडलेला असतो. आणि बागेंत, दोनशें लिटरांच्या पिंपाजवळ, औषधाची पुडी हातांत घेऊन मुकादम मालकाकडे पाहत असतो. गणित एकच, पण त्यांतील चुकीची किंमत मात्र सर्वत्र सारखी नाहीं. विद्यार्थ्यास प्रयोग पुन्हां करावा लागतो, गृहस्थाच्या पाण्यास वास येतो, आणि बागाईतदाराचें वर्षाचें पीक जातें.

या गणिताचें मूळ इतकें साधें आहे कीं, तें स्वयंपाकघरांत रोज केलें जातें. लिंबाचें सरबत फार गोड झालें तर गृहिणी त्यांत पाणी ओततें, आणि गोडी उतरते. साखर मात्र एक कणभरहि उणी झालेली नसते. तीच साखर आतां अधिक पाण्यांत पसरलेली असते एवढेंच. शेंकडा बारा साखर असलेल्या एक लिटर सरबतांत अर्धा लिटर पाणी घातलें तर दीड लिटर सरबत होतें आणि त्यांतील साखर शेंकडा आठ होते. बारा गुणिलें एक आणि आठ गुणिलें दीड, दोहोंचा गुणाकार बाराच. द्रावणाची तीव्रता आणि त्याचें आकारमान यांचा गुणाकार म्हणजे त्यांत विरघळलेल्या द्रव्याची एकंदर राशि. आणि केवळ पाणी घातल्यानें ती राशि बदलत नाहीं. विरल करण्याचें सर्व गणित या एका वाक्यांत येतें. आकारमान जितक्या पटीनें वाढतें तितक्याच पटीनें तीव्रता घटते. म्हणून जुन्या पंतोजींच्या भाषेंत हें व्यस्त त्रैराशिक होय.

'व्यस्त त्रैराशिक' हा शब्द येथें केवळ शोभेसाठीं घेतलेला नाहीं. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं पुऱ्या केलेल्या सिद्धान्तशिरोमणीचा 'लीलावती' हा पहिला भाग. त्यांत व्यस्त त्रैराशिक कोठें लागू करावें हें सांगतांना त्यांनीं सोन्याचा कस आणि त्याचें वजन यांचा निर्देश केला आहे. पुढें 'सुवर्णगणित' म्हणून स्वतंत्र प्रकरणच येतें. निरनिराळ्या कसाचीं सोनीं एकत्र आटवलीं असतां होणाऱ्या सोन्याचा कस कसा काढावा, याची रीत तेथें दिली आहे: प्रत्येक तुकड्याचें वजन त्याच्या कसानें गुणावें, सर्व गुणाकारांची बेरीज करावी, आणि तिला एकंदर वजनानें भागावें. शुद्ध सोनें सोळा वर्णांचें मानीत. समजा, सोळा वर्णांचें पांच तोळे आणि आठ वर्णांचें तीन तोळे सोनें एका मुशींत टाकलें. पांच सोळे ऐशीं, तीन आठे चोवीस. बेरीज एकशें चार. आठ तोळ्यांनीं भागतां तेरा वर्णांचें सोनें हातीं येतें. सोन्याच्या जागीं द्रावण आणि वर्णाच्या जागीं शेंकडा प्रमाण ठेवलें कीं, आजच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांतील मिश्रणाचें सूत्र तयार होतें. त्यांत एक अक्षर अधिक घालावें लागत नाहीं. सोनें आटवतांना मळ जळून वजन घटलें तर घटलेल्या वजनानें भागावें, हेंहि आचार्यांनीं सांगून ठेवलें आहे. उकळून आटलेल्या द्रावणास हाच नियम लागतो. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख नाशिकपासून फार दूर नाहीं. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील तो लेख गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला.

इतकें सोपें गणित चुकतें कां? पुष्कळदां तें गणितांत चुकत नाहीं, भाषेंत चुकतें. बाटलीवर 'एकास दहा' असें लिहिलेलें असतें. एक भाग औषध घेऊन सगळें मिळून दहा भाग करावें, कीं एका भागांत दहा भाग पाणी घालावें? पहिल्या अर्थानें औषध दहावा हिस्सा होतें, दुसऱ्या अर्थानें अकरावा. येथें फरक थोडा आहे. परंतु 'एकास दोन' असें लिहिलें असेल तर एका अर्थानें अर्धें आणि दुसऱ्या अर्थानें तिसरा हिस्सा, आणि हा फरक मुळींच थोडा नव्हे. प्रयोगशाळेंत याच कारणासाठीं पाणी मोजून घालण्याची पद्धत नाहीं. लांब मानेचा आणि मानेवर एक खूण कोरलेला चंबू असतो; त्यांत मूळ द्रावण मोजून घेतात आणि पाणी त्या खुणेपर्यंत भरतात. किती पाणी गेलें हें कोणी विचारीत नाहीं. शेतावर चंबू नसतो, पण पिंप असतें. औषध आधीं थोड्या पाण्यांत मिसळून मग पिंप दोनशें लिटरांच्या रेघेपर्यंत भरणें ही त्या चंबूचीच रीत होय.

खुणेपर्यंत भरण्यामागें आणखी एक मौजेचें कारण आहे. पन्नास मिलिलिटर मद्यार्क आणि पन्नास मिलिलिटर पाणी एकत्र केलें तर शंभर मिलिलिटर होत नाहीं. सुमारें शहाण्णव-सत्त्याण्णवच भरतें. दोन्ही द्रवांचे रेणु एकमेकांच्या फटींत दाटीनें बसतात. वजनें मात्र बरोबर जुळतात. तेव्हां वजनांची बेरीज नेहमीं खरी, आकारमानांची बेरीज कधीं कधीं खोटी. सौम्य द्रावणांत हा फरक नगण्य असतो. तीव्र आम्लें आणि मद्यार्क यांच्या बाबतींत तो विसरून चालत नाहीं.

तीव्र गंधकाम्लाचें उदाहरण घेण्याजोगें आहे. बाटलीवर शेंकडा अठ्ठ्याण्णव असें लिहिलेलें असतें, पण तें वजनाचें प्रमाण असतें. त्या आम्लाची घनता १.८४, म्हणजे एक लिटर आम्ल १८४० ग्रॅम भरतें आणि त्यांत खरें आम्ल सुमारें १८०३ ग्रॅम असतें. गंधकाम्लाचा रेणुभार ९८. म्हणून एका लिटरांत सुमारें १८.४ मोल. एक मोल तीव्रतेचें एक लिटर द्रावण हवें असेल तर १००० भागिलें १८.४, म्हणजे चौपन्न मिलिलिटरांच्या आसपास आम्ल पुरे. घनता विसरून जो अठ्ठ्याण्णव टक्क्यांवरूनच हिशेब करील त्याच्या हातून जवळजवळ दुप्पट आम्ल पडेल. आणि हें आम्ल पाण्यांत थेंबाथेंबानें, ढवळीत घालावयाचें. पाणी आम्लांत कदापि ओतावयाचें नाहीं. आम्ल जड असल्यानें वरून ओतलेलें पाणी त्याच्या पृष्ठभागींच तापून उसळतें आणि आम्ल तोंडावर उडतें. घरच्या मोटारीच्या बॅटरींतहि हेंच आम्ल असतें. तिच्यांत वरून भर घालावयाची ती केवळ शुद्ध पाण्याची, कारण बॅटरींतून उडून जातें तें पाणी, आम्ल नव्हे.

आतां बागेकडे वळावें. ऑक्टोबरांतील छाटणीनंतर नवी फूट येते आणि त्याच सुमारास पाऊस लांबला तर केवडा या रोगाचें भय उभें राहतें. त्यावरील सर्वांत जुना उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील मेडॉक प्रांतांत रस्त्याच्या कडेच्या वेलींवर वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुना यांचें निळसर पाणी शिंपडीत. बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांच्या १८८२ सालीं लक्षांत आलें कीं, रोगानें सारी बाग झडली असतां याच वेलींवर पानें हिरवीं आहेत. १८८५ सालीं त्यांनीं आपली कृति प्रसिद्ध केली. चोरांच्या धाकासाठीं निघालेलें पाणी अशा रीतीनें औषध ठरलें.

शेंकडा एक बोर्डो करावयाची रीत नाशिकच्या बागाईतदारास तोंडपाठ असते: एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यांत, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटरांत, आणि दोन्ही पाणीं एकाच वेळीं तिसऱ्या पिंपांत ओतून ढवळावयाचीं. यांतील गणित लक्ष देऊन पाहण्याजोगें आहे. पहिल्या पिंपांत मोरचूद शेंकडा दोन असतो. तिसऱ्या पिंपांत तो शेंकडा एक होतो, कारण चुन्याचें पाणी त्याच्या दृष्टीनें निव्वळ पाणीच. चुन्याचीहि तीच स्थिति. दोन द्रावणें मिसळलीं म्हणजे प्रत्येक दुसऱ्यास विरल करतें, ही गोष्ट नवख्यांच्या ध्यानांत येत नाहीं; दोन दोन टक्क्यांचीं द्रावणें मिसळलीं म्हणजे चार टक्के झाले असें मानणारे शिकलेले लोकहि भेटतात.

परंतु येथेंच एक सूक्ष्म भेद आहे. तिसऱ्या पिंपांत खरोखर मोरचूद उरतो काय? उरत नाहीं. चुन्याशीं संयोग होऊन तांबें न विरघळणाऱ्या निळ्या साक्याच्या रूपानें पाण्यांत तरंगूं लागतें, आणि तेंच पानांवर चिकटून बसतें. 'शेंकडा एक' हें केवळ किती मोरचूद घातला त्याचें नांव आहे. विरघळलेला मोरचूद किती उरला त्याचें नव्हे. तो उरतां कामाच नये, कारण विरघळलेलें तांबें कोंवळीं पानें जाळतें. व्यस्त त्रैराशिक जेथें द्रव्य तसेंच राहतें तेथेंच चालतें. जेथें दोन द्रव्यें एकमेकांना खाऊन टाकतात तेथें रसायनशास्त्राला विचारावें लागतें. बागाईतदार तें विळ्याच्या पात्याकडून विचारतो. घांसून चकचकीत केलेलें लोखंडी पातें मिश्रणांत थोडा वेळ बुडवून ठेवावयाचें. त्यावर तांबूस थर चढला तर विरघळलेलें तांबें शिल्लक आहे असें समजावें आणि चुन्याचें पाणी आणखी घालावें. याच कारणामुळें मोरचुदाचें पाणी लोखंडी किंवा पत्र्याच्या पिंपांत करीत नाहींत. पूर्वीं लांकडी किंवा मातीचीं भांडीं असत, आतां प्लॅस्टिकचीं असतात. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें लागतें. रात्रभर ठेवल्यास साका जाड होऊन खालीं बसतो आणि पानाला धरीत नाहीं.

जुन्या इंग्रजी पुस्तकांत हीच कृति पांच-पांच-पन्नास या सांकेतिक आंकड्यांनीं दिलेली असे: पांच पौंड मोरचूद, पांच पौंड चुना, पन्नास गॅलन पाणी. इंग्लंडच्या गॅलनांत दहा पौंड पाणी मावतें, म्हणून तें बरोबर शेंकडा एक होतें. अमेरिकेच्या गॅलनांत मात्र पाणी आठ पौंडांहून थोडें अधिक. तेव्हां त्याच आंकड्यांनीं तेथें शेंकडा १.२ तीव्रता येते. कृति तीच, आंकडे तेच, आणि औषध पांचवा हिस्सा अधिक! मापाचें नांव एक असलें तरी माप एक असतें असें नाहीं.

टक्क्यांचें राज्य येथें संपतें आणि दशलक्षांशाचें सुरू होतें. बागेंत त्याला 'पीपीएम' म्हणतात; दहा लाख भागांत एक भाग. एक लिटर पाणी एक किलो, म्हणजे दहा लक्ष मिलिग्रॅम भरतें. म्हणून सौम्य द्रावणांत एका लिटरांत एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम, हें सोयीचें समीकरण लक्षांत ठेवलें कीं पुष्कळ कोडीं सुटतात. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. या मापानें वापरलें जाणारें बागेंतील प्रमुख द्रव्य म्हणजे जिबरेलिक आम्ल. सर्वांच्या तोंडीं 'जी.ए.' म्हणून असलेलें. याचा इतिहास भाताच्या खाचरांतला. जपानांत भाताचीं कांहीं रोपें अकारण उंच वाढून कोलमडत. एइची कुरोसावा यांनीं १९२६ सालीं दाखविलें कीं, एका बुरशीनें बाहेर टाकलेल्या द्रव्यामुळें ही वाढ होते. तेंच द्रव्य आज थॉम्सन जातीच्या बिनबियांच्या द्राक्षांचा मणी लांब व टपोरा करण्यासाठीं वापरतात. फुलोऱ्यापूर्वीं दहा-पंधरा पीपीएम, आणि मणी धरल्यानंतर घड बुडविण्यासाठीं तीस-चाळीस पीपीएम, असें साधारण प्रमाण असतें.

चाळीस पीपीएम म्हणजे लिटराला चाळीस मिलिग्रॅम. एक ग्रॅम पंचवीस लिटरांस. दोनशें लिटरांच्या पिंपास आठ ग्रॅम. पण पुडींतील पूड शेंकडा नव्वद शुद्ध असेल तर आठ ग्रॅमांत खरें द्रव्य ७.२ ग्रॅमच. तेव्हां आठास नऊ-दशांशानें भागून सुमारें ८.९ ग्रॅम घ्यावयास हवें. ही पूड पाण्यांत सहजीं विरघळत नाहीं. म्हणून आधीं थोड्या मद्यार्कांत विरघळवून मग पाण्यांत सोडतात. ज्याच्याजवळ मिलिग्रॅम तोलणारा कांटा नाहीं त्यानें एक ग्रॅमाचें एक लिटर द्रावण करावें; तें १००० पीपीएम झालें. आतां त्यांतील चाळीस मिलिलिटर घेऊन लिटरभर केलें कीं चाळीस पीपीएम तयार. जें तोलतां येत नाहीं तें अशा रीतीनें मोजतां येतें.

बाजारांत याच द्रव्याचें शेंकडा ०.००१ तीव्रतेचें तयार पाणीहि मिळतें. त्याचे पीपीएम केले तर दहा भरतात. अशा बाटलींतून चाळीस पीपीएमचें द्रावण कोणासहि करतां येणार नाहीं. मूळ द्रावणापेक्षां तीव्र द्रावण पाणी घालून होत नसतें. वाचतांना हें हास्यास्पद वाटतें, पण टक्के आणि पीपीएम हीं दोन भाषांतलीं नांवें असल्यामुळें बाटली हातांत घेतल्यावर तें डोळ्यांना दिसत नाहीं. चाळीसचें आणि दहाचें अशीं दोन द्रावणें हाताशीं असून तीस पीपीएम हवें असेल, तर पुन्हां सुवर्णगणितच मदतीस येतें. हव्या असलेल्या तीसपासून दहाचें अंतर वीस, चाळीसचें अंतर दहा. हीं अंतरें उलटसुलट करून घ्यावयाचीं, म्हणजे चाळीसचे वीस भाग आणि दहाचे दहा भाग, अर्थात् दोनास एक. ताळा पाहिल्यास दोन चाळीसे ऐशीं आणि दहा मिळून नव्वद, भागिलें तीन, तीस.

खरी चूक होते ती मात्र अर्ध्या रिकाम्या पिंपाशीं. समजा, चाळीस पीपीएमचें साठ लिटर पाणी पिंपांत उरलें आहे आणि आतां दोनशें लिटर पाणी तीस पीपीएमचें करावयाचें आहे. मुकादम संवयीनें दोनशें लिटरांची मात्रा, म्हणजे सहा ग्रॅम, टाकतो आणि पिंप भरतो. पण उरलेल्या साठ लिटरांत आधींच २.४ ग्रॅम होते. एकूण ८.४ ग्रॅम, तीव्रता तीसऐवजीं बेचाळीस. बरोबर हिशेब असा: हवे सहा ग्रॅम, आहेत २.४, म्हणून घालावयाचे ३.६ ग्रॅम, आणि पाणी एकशें चाळीस लिटर. मणी धरल्यानंतर जादा पडलेल्या जी.ए.नें देंठ जाड व ताठ होतात आणि घडाची प्रत उतरते. ही गोष्ट कळते तेव्हां उपाय उरलेला नसतो. त्यांतहि हें द्रव्य पाण्यांत हळूहळू नाश पावतें; म्हणून आदल्या दिवसाचें उरलेलें पाणी हिशेबांत धरण्यापेक्षां पिंप रिकामें करून घेणें बरें.

रिकामें करणें म्हणजे धुणें, आणि धुण्याचेंहि एक गणित आहे. फवारणीच्या पंपांत तळाशीं शंभर मिलिलिटर औषध राहिलें. वीस लिटर पाण्यानें एकदां विसळलें, तर तें दोनशेंपट विरल झालें. तेंच वीस लिटर पाणी दहा-दहा लिटर करून दोनदां वापरलें, आणि दोन्ही वेळां शंभर मिलिलिटरच मागें राहूं दिलें, तर पहिल्या खेपेस शंभरपट आणि दुसऱ्या खेपेस पुन्हां शंभरपट, म्हणजे दहा हजारपट विरल झालें. पाणी तेवढेंच, फळ पन्नासपट. घरांत कपडे एका मोठ्या बादलींत एकदां खळबळण्यापेक्षां थोड्या थोड्या पाण्यांत तीनदां पिळून काढावे, हें जाणत्या बायका कोणत्याहि पुस्तकावांचून करीत आल्या आहेत. तणनाशक मारलेला पंप नुसता एकदां विसळून द्राक्षांवर वापरणाऱ्यास हें सांगावें लागतें, ही खेदाची गोष्ट आहे.

शहरांतील श्रोत्यास हें सारें दूरचें वाटत असेल तर त्यानें गच्चीवरची टाकी आठवावी. एक हजार लिटरांच्या टाकीस दोन पीपीएम क्लोरिन द्यावयाचें म्हणजे दोन ग्रॅम. चांगल्या ब्लीचिंग पावडरींत उपयोगी क्लोरिन सुमारें तेहतीस टक्के. म्हणून पूड सहा ग्रॅम. तिचें आधीं कपभर पाण्यांत कालवण करून, निवळी टाकींत सोडून अर्धा तास जाऊं द्यावा. पण डबा उघडा राहून वर्षभर पडला असेल तर त्यांत तेहतीस टक्के उरलेले नसतात, आणि सहा ग्रॅमांचा हिशेब बरोबर असूनहि उत्तर चुकतें. वाइनरींतील पोटॅशियम मेटाबायसल्फाइटचें असेंच आहे: शुद्ध क्षारांतून वजनाच्या शेंकडा सत्तावन्न-अठ्ठावन्न इतका गंधकाचा वायु मिळतो, म्हणून हजार लिटर वाइनमध्यें तीस पीपीएम वाढविण्यास तीस नव्हे, सुमारें बावन्न ग्रॅम क्षार लागतो.

२०१० सालच्या हंगामांत नाशिकच्या द्राक्षांवर जो प्रसंग ओढवला तो याच दशलक्षांशाचा होता. युरोपांत पोहोंचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश मर्यादेबाहेर आढळला. माल अडकला, भाव कोसळले, आणि निर्यातदारांबरोबर बागाईतदारहि कर्जांत बुडाले. बागेंत 'सीसीसी' म्हणून ओळखलें जाणारें हें द्रव्य घडांवर मारावयाचें नसतेंच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलींची फाजील वाढ रोखून काडींत घड धरावा यासाठीं तें पानांवर फवारीत. पांचशें पीपीएमची फवारणी म्हणजे लिटराला अर्धा ग्रॅम. एका लिटरांत पांचशें ग्रॅम असलेल्या औषधाचें एक मिलिलिटर. बाटलीवरील पन्नास टक्के वजनाचे असून औषधाची घनता १.१ असेल तर त्याच मिलिलिटरांत ०.५५ ग्रॅम भरतें आणि मात्रा दहांत एक वाढते. गंधकाम्लाच्या बाटलीचाच हा धडा. त्या वेळची युरोपची मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे फवारणीच्या पाण्याचा दहा हजारावा हिस्सा होती. वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम असें म्हटल्यास ती अधिक स्पष्ट होते.

एप्रिल-मेमध्यें फवारलेलें द्रव्य पुढील वर्षाच्या आरंभीं फळांत कसें सांपडलें? मधल्या काळांत चार महिने पाऊस पडला होता, जुनीं पानें गळालीं होतीं, ऑक्टोबरांत वेल पुन्हां छाटला गेला होता. मणी वाढतो तसतसें त्यांतील द्रव्य विरल होत जातें; मणी दहापट झाला कीं पीपीएम एक-दशांश. हें गणित खरें आहे, परंतु बाहेरून नवें द्रव्य येत नसेल तरच. सीसीसी वेलीच्या लांकडांत साठून राहतें आणि नव्या फुटीबरोबर वर चढतें. सरबतांत एका बाजूनें पाणी ओतलें जात असतां दुसऱ्या बाजूनें साखर पडत राहावी, तसा तो प्रकार. शिवाय ज्या बागेंत एखाद्या वर्षीं मिलिलिटरांचा हिशेब ढिला झाला होता, तेथें लांकडांतली शिल्लक अधिक. आणि लांकूड कांहीं पंपासारखें दोनदां विसळून काढतां येत नाहीं.

निर्यातीच्या बागेंत सीसीसी वापरूंच नये, असा सल्ला आतां दिला जातो. गंगापूर-गोवर्धनच्या बाजूस जो बागाईतदार हिशेबाला पक्का आहे, त्याच्या पिंपाच्या आंतल्या अंगाला तैलरंगानें चार रेघा ओढलेल्या असतात: पन्नास, शंभर, दीडशें, दोनशें. त्या ओढतांना त्यानें पिंप सपाट फरशीवर ठेवून मापाच्या बादलीनें, मोजून मोजून भरलेलें असतें. आणि औषधाचें माप त्याच्या खोलींत कुलपांत असतें, बाटलीच्या झांकणानें औषध घेण्याची मुभा तो मुकादमास देत नाहीं.